अंबरनाथचें देवालय : एका दगडी पोथीचें वाचन

उत्तर कोंकणच्या इतिहासाच्या अभ्यासकांस अंबरनाथचें देवालय अपरिचित नाहीं. किंबहुना तें इतकें परिचित आहे, कीं त्याकडे निरखून पाहण्याचे श्रम आपण बहुधा सोडून दिले आहेत. शिलाहारांची वंशावळ लावतांना त्यांतील लेखाचा शक उपयोगी पडतो. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. आणि पांडवांनीं हें देऊळ एका रात्रींत उभारलें ही कथा गांवकरी आजहि सांगतात. परंतु एका निश्चित योजनेनें रचलेली कृति या दृष्टीनें त्याचें परीक्षण जेवढें व्हावें तेवढें झालेलें नाहीं. कागदाची जुनी पोथी हातीं आली म्हणजे आपण तिचा लेखनकाल, तिची लिपि, तिच्यांतील प्रक्षेप व गळालेलीं पत्रें यांचा कसून शोध घेतों. तोच न्याय दगडास लावावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचा निवास कळवें येथें, ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरीं आहे. पलीकडे शिलाहारांचें श्रीस्थानक. पाठीशीं पारसिकचा डोंगर. मुंब्रा, दिवा, डोंबिवली व कल्याण ओलांडून आगगाडीनें अंबरनाथास जावयास फारसा वेळ लागत नाहीं, आणि म्हणूनच निरनिराळ्या ऋतूंत व निरनिराळ्या प्रहरीं तें देऊळ पाहण्याची संधि आम्हांस मिळाली आहे. पुढील मतें त्या पाहण्यांतून बनलेलीं आहेत. तीं ग्राह्य कीं त्याज्य, हें सुज्ञ वाचकांनीं स्वतः पाहून ठरवावें.

प्रथम लेखाचा विचार करूं. मंडपाच्या उत्तरेकडील दाराच्या उत्तरंगावर, आंतील अंगास, संस्कृत भाषेंतील एक लेख कोरलेला आहे. तो प्रथम विद्वानांपुढें आणण्याचें श्रेय डॉ. भाऊ दाजी यांचें. त्यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला. म्हणजे इसवी सन ८६०. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासून शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असें वाचन दिलें, आणि तेंच आज सर्वमान्य आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं शिलाहारांच्या लेखांचा जो समग्र संग्रह १९७७ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांतहि हाच काल गृहीत आहे. भगवानलाल हे भाऊ दाजींचे साहाय्यक होते व लेख वाचण्याच्या कामीं त्यांच्या हाताखालीं तयार झाले होते. शिष्यानें गुरूचा एक अंक दुरुस्त केला आणि त्या एका अंकानें दोनशें वर्षांचा फरक पडला. यांत गुरूची मानहानि कोणासहि वाटली नाहीं. उलट त्यांनीं लाविलेली शिस्तच त्यांत दिसून आली. संशोधनाची परंपरा असते ती अशी.

परंतु येथें एक प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याचा विचार आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. झिजलेल्या अंकाविषयीं दोन वाचनें समोर आलीं, तर निर्णय केवळ अक्षराच्या वळणावर सोंपवावा काय ? आमचें मत असें, कीं ज्या दगडावर तो अंक आहे, त्या दगडाची इमारतहि साक्षीस बोलावली पाहिजे; आणि ती येथें अगदीं स्पष्ट साक्ष देते.

अंबरनाथचें शिखर ज्या पद्धतीचें आहे तिला शिल्पशास्त्रांत भूमिज असें नांव आहे. या पद्धतींत शिखराच्या चारहि बाजूंच्या मध्यभागीं एकेक उभा पट्टा, म्हणजे लता, खालून वर गेलेली असते, आणि दोन लतांच्या मधल्या भागांत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृति एकीवर एक अशा ओळींनीं रचलेल्या असतात. प्रत्येक प्रतिकृति आपल्या आंखूड खांबावर उभी असते, आणि वर जातां जातां त्या क्रमानें लहान होत जातात. या पद्धतीचें वर्णन समरांगणसूत्रधार या ग्रंथांत आहे. तो ग्रंथ माळव्याचा परमार राजा भोज याच्या नांवावर आहे, आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२४ व १९२५ या वर्षीं तो दोन भागांत छापला गेला. एकोणिसाव्या शतकांतील ज्या विद्वानांनीं अंबरनाथाचें वर्णन केलें, त्यांच्या हातीं हा छापील ग्रंथ नव्हता. म्हणून त्यांस शिखराचे अवयव दिसले, परंतु त्या अवयवांचें कुल ओळखण्याचें साधन त्यांजपाशीं नव्हतें. तें साधन पुढें एका पोथीनें पुरविलें. हस्तलिखितांच्या संग्राहकांस याहून मोठें समाधान तें कोणतें ?

आतां याच पद्धतीचें माळव्यांतील सुप्रसिद्ध देवालय म्हणजे विदिशेजवळील उदयपूरचें उदयेश्वर. तें परमार उदयादित्यानें बांधविलें. त्याचा आरंभ १०५९ च्या सुमारास व ध्वजारोहण १०८० मध्यें झालें, असें तेथील लेखांवरून दिसतें. अंबरनाथ व उदयपूर हीं अशा रीतीनें समकालीन ठरतात, आणि दोहोंची रचना शेजारीं ठेवून पाहिली असतां तें समकालीनत्व डोळ्यांसहि पटतें. शक ७८२ हें वाचन खरें मानलें असतें, तर इतकी परिपक्व भूमिज रचना कोंकणांत दोनशें वर्षें आधीं अकस्मात् प्रकट झाली, आणि मध्यंतरीं तिला ना पूर्वज ना वंशज, असें मानावें लागलें असतें. तेव्हां भगवानलालांचा अंक केवळ लिपीनें नव्हे, तर शिखरानेंहि सिद्ध होतो.

माळव्याशीं हा संबंध आला कसा, याविषयीं एक अनुमान करण्याचा मोह होतो. भोजाचे बांसवाडा व बेटमा येथील ताम्रपट विक्रम संवत् १०७६, म्हणजे इसवी सन १०२०, या वर्षाचे आहेत, आणि ते कोंकणच्या विजयानिमित्त दिलेले आहेत. यावरून, भोजाच्या सैन्यामागोमाग त्याचे सूत्रधारहि कोंकणांत उतरले असावेत, असें म्हणावेंसें वाटतें. परंतु असें विधान करतांना आम्ही वाचकांस सावध करूं इच्छितों. सैन्य जेथें जातें तेथें शिल्पपद्धति जातेच असा नियम नाहीं. स्वारी व देवालय यांमध्यें चाळीस वर्षांचें अंतर आहे. आणि कल्याण, ठाणें, सोपारा या बंदरांचा घाटमाथ्याशीं व माळव्याशीं व्यापार स्वारीच्या आधींहि होता व नंतरहि होता. ताम्रपटांवरून दोन प्रदेशांचा निकट संबंध सिद्ध होतो. कारागिरांचें स्थलांतर सिद्ध होत नाहीं. इतिहासांत जें सिद्ध आहे आणि जें शोभतें, त्यांतला भेद पुसूं नये.

शिलाहारांकडील प्रमाण पाहतां, छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८, म्हणजे इसवी सन १०२६, चा आहे. त्याच्यामागून त्याचा भाऊ नागार्जुन, व नागार्जुनामागून तिसरा भाऊ मुम्मुणि अथवा मांवाणि गादीवर आला. अंबरनाथचा लेख या तिसऱ्याच्या राज्यांतला असून त्यांत छित्तराजाचेंहि नांव येतें. देवालयाचा आरंभ वडील भावानें केला व तें तडीस धाकट्यानें नेलें, असा जो अर्थ विद्वानांनीं लाविला आहे, तो आम्हांस मान्य आहे. कारण इमारतीचें स्वरूपहि त्यास अनुकूल आहे. तळाच्या थरांचें काम व वरील भागाचें काम यांत हात एक नाहीं. खालचे थर अधिक खोल, अधिक संयमी आहेत; वरच्या मूर्तींत चपळाई अधिक व विचार कमी दिसतो. एक पिढी खपून केलेल्या कामांत असा फरक पडणें स्वाभाविक आहे. मात्र यावरून शक ९८२ हा देवालयाच्या पूर्णतेचा काल समजावा, आरंभाचा नव्हे. कोशांत व प्रवासपुस्तकांत ‘१०६० मध्यें बांधलें’ असें जें सरसकट लिहिलें जातें, त्यांत एवढी दुरुस्ती अवश्य आहे.

दुसरी दुरुस्ती नांवाची. महाराष्ट्रांत चुन्यावांचून रचलेलें कोणतेंहि जुनें दगडी देऊळ दिसलें, कीं तें हेमाडपंती, असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. महादेवाचें राज्य १२६१ ते १२७१. अंबरनाथ पुरें झालें तेव्हां हेमाद्रीच्या जन्मास शतकाहून अधिक अवकाश होता. बोलीभाषेंत हा शब्द राहिला तर आमची तक्रार नाहीं. परंतु संशोधकांनीं तो वापरला म्हणजे शिलाहारांचें, उत्तरकालीन चालुक्यांचें व यादवांचें काम एकाच गाठोड्यांत बांधलें जातें, आणि मग त्यांतील भेद शोधण्याची कोणास गरजच वाटत नाहीं.

आतां प्रत्यक्ष वास्तूकडे वळूं. वालधुनी नदीच्या कांठीं, सखल जागेंत हें देवालय पश्चिमाभिमुख उभें आहे. मंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंस मुखमंडप आहेत. पश्चिमेच्या मुखमंडपांत नंदी आहे. मंडप चौरस असून मध्यें चार भरगच्च कोरीव खांब आहेत. ते तळाशीं चौकोनी, वर अष्टकोनी व त्याहून वर वर्तुळाकार होत जातात, आणि त्यांवर कमळासारखें उलगडलेलें वितान तोललेलें आहे. मंडपांतून गाभाऱ्यांत जावयाचें म्हणजे पायऱ्या उतराव्या लागतात, कारण गाभाऱ्याची भुई मंडपाच्या भुईहून बरीच खालीं आहे. शिखराचा माथा पडलेला असल्यामुळें गाभाऱ्यांत उभें राहून वर पाहिलें असतां आकाश दिसतें.

या उघड्या माथ्यावरून, आणि अंबर म्हणजे आकाश या अर्थावरून, देवास मुद्दाम आकाशाखालीं ठेविलें अशी समजूत प्रचलित झाली आहे. ती गोड असली तरी टिकणारी नाहीं. भिंतींवरून आंत झुकत गेलेले थर, बाहेरच्या अंगास अर्ध्यावर तुटलेल्या लता व लघुशिखरांच्या ओळी, यांवरून शिखर वरपर्यंत गेलें होतें व आमलक-कलशानें मिटलें होतें, याविषयीं शंका राहत नाहीं. पोथीचें शेवटचें पान गहाळ झालें, म्हणून ग्रंथकारानें ग्रंथ अपुराच योजिला होता, असें आपण म्हणत नाहीं.

रचनेचें मर्म समजावयास एक तुलना उपयोगी पडेल. अंबरनाथ पुरें झालें त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १०६१ मध्यें, जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं स्पायर येथील महामंदिराचा, म्हणजे तेथील बिशपच्या मुख्य चर्चचा, समर्पणविधि झाला. तेथें हजारों माणसांनीं एकत्र उभें राहून उपासना करावयाची असल्यामुळें लांबच लांब दालन हवें होतें. त्यावर प्रथम लांकडी छत होतें. त्याच शतकाच्या अखेरीस तें काढून दगडी कमानींचें छत घातलें गेलें. कमान आपला भार आडवा ढकलते व भिंती बाहेर लोटूं पाहते. तो रेटा आवरण्याच्या खटपटींतूनच युरोपांतील पुढील महामंदिरांचें सारें शिल्पशास्त्र वाढलें. अंबरनाथच्या सूत्रधारापुढें हा प्रश्नच नव्हता. त्यानें दगडावर दगड किंचित् पुढें सारीत आणला. प्रत्येक थराचा भार सरळ खालीं उतरतो व भिंतीस लोटीत नाहीं. या रीतीस चुना लागत नाहीं, परंतु भिंती जाड व आंतील जागा लहान ठेवावी लागते. येथें भक्त एकेकटा दर्शनास येतो व बाहेरून प्रदक्षिणा करतो; म्हणून आंत अंधार व शांति, आणि सारें शिल्पवैभव बाहेर, प्रदक्षिणेच्या वाटेवर. स्पायरचें सौंदर्य आंत उभें राहून समजतें. अंबरनाथचें बाहेरून फिरल्यावांचून समजत नाहीं. एकाच्या मापानें दुसऱ्यास मोजणें हा टीकेंतील जुना दोष आहे, आणि आपल्या देवळांस ‘आंतून कोंदट’ म्हणणाऱ्यांकडून तो वारंवार घडला आहे.

या दोन रीतींचा भेद पाहण्यास परदेशीं जाण्याचेंहि कारण नाहीं. वसईच्या किल्ल्यांत पोर्तुगीजांनीं १५४६ मध्यें उभारलेल्या व १६०१ च्या सुमारास वाढविलेल्या संत योसेफाच्या मुख्य चर्चचे अवशेष आहेत. तेथें चुना, कमान व उंच मनोरा. येथें बिनचुन्याचा थर. उत्तर कोंकणच्या एकाच भूमींत या दोन्ही रीति नांदल्या. दोहोंचीं छपरें कोसळलीं, आणि दोहोंच्या भिंती उभ्या राहिल्या.

दगडाविषयींहि दोन शब्द अवश्य आहेत. युरोपांतील महामंदिरें बहुधा वालुकाश्माचीं वा चुनखडीचीं. तो दगड छिन्नीस लवकर वश होतो. आमच्याकडील काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, पारसिकच्या डोंगराच्याच जातीचा. पाथरवट त्यावर टांकी मारतो तेव्हां ती उसळून परत येते. अशा दगडांत गजथर, ग्रासपट्टी व त्यांवरील मूर्तींच्या रांगा इतक्या धारेनें काढणें, हें कौशल्य किती मोलाचें, हें ज्यानें त्या दगडाची खडी फोडतांना पाहिली आहे त्यास सांगावें लागत नाहीं.

मूर्तिकामांत शिवाचीं विविध रूपें, गजासुरवध, शिवपार्वतीविवाह, महिषासुरमर्दिनी, ब्रह्मदेव व चामुंडा हीं विशेष प्रेक्षणीय आहेत. सर्वच मूर्ति सारख्या योग्यतेच्या आहेत, असें म्हणणें मात्र भक्ति होईल, परीक्षण होणार नाहीं. भद्रांच्या कोनाड्यांतील मुख्य मूर्तींत जो ठाम तोल आहे, तो कोनाकोपऱ्यांतील सुरसुंदरींत सर्वत्र आढळत नाहीं. कांहींच्या कमरेचें वळण संवयीनें काढल्यासारखें वाटतें. शिवाय वरच्या पट्ट्यांतील लहान आकृति जमिनीवरून नीट वाचतां येत नाहींत. हे दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं.

परंतु अलंकाराचा अतिरेक झाला आहे, हा जो आक्षेप या वर्गाच्या देवालयांवर घेतला जातो, तो आम्हांस मान्य नाहीं. सकाळीं, सूर्य तिरपा असतांना, उत्तरेच्या बाजूस थोडें दूर उभें राहून पाहावें. गाभाऱ्याच्या भिंतीस इतके कोपरे पाडले आहेत, कीं प्रत्येक कोपरा उजेडाची एक उभी रेघ व छायेची एक उभी रेघ निर्माण करतो, आणि त्या रेघा खंड न पडतां शिखराच्या लघुशिखरांच्या ओळींत मिळून जातात. तळापासून माथ्यापर्यंत नजर एकाच वेगानें वर जाते. मूर्ति त्या गतीस अडवीत नाहींत, तिला ताल देतात. अलंकार जेथें रचनेचा सेवक असतो, तेथें तो कितीहि असला तरी अतिरेक नव्हे. याच कुलांतील सिन्नरचें गोंदेश्वर पाहावें. तें अधिक सुस्थितींत, अधिक नीटस, पंचायतनानें अधिक भव्य आहे. परंतु भिंतीच्या या सळसळींत तें अंबरनाथाच्या मागेंच राहतें, असें आमचें मत आहे.

आतां ज्या कारणास्तव हा लेख लिहिण्याची निकड आम्हांस वाटली, तें सांगतों. १८६८ मध्यें मुंबई सरकारनें या देवालयाचीं मापें, रेखाटनें व ठसे घेण्यासाठीं रक्कम मंजूर केली, आणि मुंबईच्या कलाशाळेच्या मंडळींनीं तें काम केलें. त्यांतील कांहीं रेखाटनें १८७४ मध्यें ‘इंडियन अँटिक्वरी’ या मासिकांत प्रसिद्ध झालीं. पुढें हेन्री कझिन्स यांनीं दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील आपल्या १९३१ च्या ग्रंथांत त्याचा परामर्श घेतला. म्हणजे दीडशें वर्षांपूर्वीची एक प्रत आपल्यापाशीं आहे. परंतु प्रत ती प्रतच. हस्तलिखितांचे जाणकार हें जाणतात, कीं सर्वांत सुवाच्य प्रत ही सर्वांत विश्वसनीय असतेच असें नाहीं. हुशार लेखक मूळांतील गळलेलें अक्षर आपल्या बुद्धीनें भरतो व वाचकास खिंडार दिसतच नाहीं. रेखाटणाऱ्याचाहि हात तसाच तुटलेली कड पुरी करूं पाहतो. याकरितां रेखाटनापेक्षां ठसा, व त्याच्या जोडीस छायाचित्र, यांचा पुरावा अधिक बलवान् समजावा. आणि तिघांत विसंवाद दिसेल तेथें मूळ दगडाकडे जावें.

मूळ दगड मात्र थांबून राहिलेला नाहीं. देवालय केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, हें खरें; तथापि नऊशेंहून अधिक पावसाळ्यांचें काम कोणत्याहि फलकानें थांबत नाहीं. चेहऱ्यांची नाकें, हातांतील आयुधें, दागिन्यांच्या कडा यांची झीज उघड दिसते. शेजारची वालधुनी आजूबाजूच्या कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें दूषित झाली आहे. देऊळ नांदतें आहे, तेथें पूजा होते, आणि ती व्हावीच. पूजेवांचून राहिलेल्या देवळाची काय गति होते, हें आपण अनेक ठिकाणीं पाहतों. परंतु आयुध गेलें कीं मूर्तीची ओळख जाते, आणि ओळख गेली कीं पुढच्या पिढीचा अभ्यासक आपल्या कल्पनेनें नांव देतो. प्रक्षेप असेच जन्मास येतात.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंति आहे. आपल्या दप्तरांत, जुन्या घराण्यांच्या कागदांत, कलाशाळेंत शिकलेल्या वाडवडिलांच्या सामानांत अंबरनाथचीं जुनीं छायाचित्रें, लेखाचे ठसे, मापांचे कागद वा यात्रेच्या वेळचीं टिपणें असतील, तर तीं किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. बखरीचें एक पान सांपडलें तर आपण हर्षानें नाचूं. एखाद्या कोनाड्याचें शंभर वर्षांपूर्वींचें एक छायाचित्र हेंहि तसेंच पान आहे. त्यावर तारीख, दिशा व घेणाऱ्याचें नांव नोंदवून त्याची प्रत संशोधनसंस्थेच्या संग्रहीं ठेवावी. उत्तरंगावरील लेखाचा ठसा तर पुन्हां पुन्हां, ठराविक वर्षांनीं, घेतला जावा, म्हणजे अक्षरांची झीज मोजतां येईल.

भाऊ दाजी व भगवानलाल यांच्या वेळीं एका अंकाबद्दल वाद होऊं शकला, कारण तो अंक तेथें होता. पुढच्या भगवानलालास आमची चूक दुरुस्त करावयाची असेल, तर त्यास दुरुस्त करण्याजोगें कांहीं शिल्लक ठेवणें, एवढें तरी आपलें कर्तव्य आहे.